न जळलेली वीज

लोणावळा,
६ ऑक्टोबर २०२५

गं. भा. इंदिरा हिस,
केशवकाकांचे अनेक आशीर्वाद.

पितृपक्ष झाला, दसरा झाला, पण तू इकडे फिरकली नाहीस. फोन केला तर "हो काका", "नाही काका" आणि "ठेवते काका". म्हणून पत्र लिहितो. माझ्या वयाला हेच जमतं आणि तुझ्या स्वभावाला हेच परवडतं.

कामाचं सांगतो. शौनकने आपल्या हॉटेलात जे काम केलं त्याला सप्टेंबरअखेर वर्ष पूर्ण झालं. गरम पाण्याचे हीट पंप, पाण्याच्या मोटारींचा वेग कमीजास्त करणारे ते डबे, सगळे नवे दिवे. काम सुरू करण्याआधी आमच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत तो काय बोलला ते ऐकायला तू नव्हतीस, मी होतो. "वर्षभरात पंचवीस टक्के वीज वाचवून दाखवतो," म्हणाला. बाजारपेठेतला दत्तोबा मोठ्याने हसला. "पंचवीस? मीटर उलटा फिरवणार की काय रे?" शौनक म्हणाला, "सुलटाच फिरेल, दत्तोबाशेठ. फक्त हळू फिरेल." सगळे हसले. मीही हसलो. फेब्रुवारीत शौनकला आपण स्मशानात पोचवायला गेलो तेव्हा हाच दत्तोबा माझा दंड धरून उभा होता.

तर संघटनेने आता असं ठरवलं आहे. दरवर्षी १४ डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनी, एका हॉटेलाला वीजबचतीचा पुरस्कार द्यायचा, आणि त्या पुरस्काराला शौनकचं नाव. कायमचं. अट एकच. त्याने बोलून दाखवलेले पंचवीस टक्के खरोखर झाले, असा तुझ्या सहीचा अहवाल हवा. त्याच्या कामाची मोजणी तूच करायचीस हे लोणावळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वीजबिलं मी पाहिली आहेत. मला काळजी वाटत नाही. तू फक्त नोव्हेंबरअखेर कागद दे.

थोरल्या भावाचा मुलगा, पण माझ्या खांद्यावर बसून मोठा झाला. त्याचं नाव दरवर्षी स्टेजवरून घेतलं जाईल. मी असेन तोवर ऐकेन.

केशवकाका


तळेगाव दाभाडे,
११ ऑक्टोबर २०२५

ती. केशवकाका,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. आधी एक सांगते. पुढच्या वेळी माझ्या नावाआधी "गं. भा." लिहू नका. माझा नवरा गेला हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पोस्टमनला पाकिटावरून कळायची गरज नाही.

अहवाल मी करणारच होते. पण पंचवीस टक्के झाले का, ते मोजून सांगेन. झाले असं धरून मोजणार नाही.

बिलं पाहून बचत कळत नाही, काका. जळलेली वीज मीटर दाखवतो. न जळलेली वीज कुठलाच मीटर दाखवत नाही. ती हिशेबाने काढावी लागते. काम होण्याआधीचं एक वर्ष घ्यायचं. त्या वर्षी किती खोल्या भरल्या की किती युनिट लागायची ते बघायचं. मग यंदा भरल्या तेवढ्या खोल्या जुन्याच यंत्रांवर भरल्या असत्या तर किती लागली असती, ते मांडायचं. त्यातून यंदा खरी गेली ती वजा. राहते ती बचत. गेल्या वर्षी बिल एवढं आणि यंदा एवढं, असं नुसतं म्हटलं तर पर्यटक कमी आले तरी बचत दिसेल.

ऑक्टोबर ते मेपर्यंतचं काम सरळ आहे. जून ते सप्टेंबरचे आकडे मात्र मला पटत नाहीत. लोणावळ्यात पावसाळ्यात वीज वाढते. धुकं खिडकीतून आत येतं, चादरी-टॉवेल वाळत नाहीत, लॉंड्रीतले दोन मोठे ड्रायर दिवसभर चालतात. त्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाची गर्दी. जुलैचा आकडा दरवर्षी डोंगरासारखा वर जातो. यंदा तो सपाट आहे. हीट पंपने पाणी तापतं, चादरी वाळत नाहीत. पावसाळ्यात हॉटेलात काही बदललं का? ड्रायर बिघडले होते का? कळवा.

यंदा माझी दिवाळी नाही. फराळ पाठवू नका. एकटीने संपत नाही.

इंदिरा


लोणावळा,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. इंदिरा हिस,
आशीर्वाद.

बघ, लिहिलं नाही. तुझी काकू असती तर मला म्हणाली असती, तिने सांगेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर. यंदा पाऊस जरा वेगळा पडला. पाहुणेही सुधारलेत, एकच चादर दोन दिवस वापरतात, पर्यावरण म्हणून. लॉंड्रीत गेणू नावाचा नवा माणूस घेतलाय, कामाला वाघ आहे. अशा दहा गोष्टी असतात. सगळ्या कुठे मांडत बसतेस?

मी स्वतः कच्चा हिशेब घालून पाहिला. तू सांगितलंस तसाच, खोल्या वगैरे धरून. अठ्ठावीस टक्के येतात! पंचवीस म्हणाला होता, पोराने अठ्ठावीस केले. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. तू विचारतेस, डोंगर कुठे गेला. गेला तर गेला, बाई. आपल्याकडे डोंगरांना तोटा नाही.

दत्तोबा काल दारात येऊन म्हणाला, "केशवराव, ऐकलं ते खरं का? पुतण्याने करून दाखवलं म्हणे." मी म्हटलं, सुनेची सही येऊ दे, मग पाहा. त्याचं तोंड तू बघायला हवं होतंस.

फराळ पाठवतोय. संपव.

केशवकाका


तळेगाव दाभाडे,
३ नोव्हेंबर २०२५

ती. केशवकाका,
सा. नमस्कार.

मी गेल्या आठवड्यात हॉटेलात येऊन गेले. तुम्ही पुण्याला जाणार होतात तोच दिवस मी मुद्दाम धरला.

लॉंड्रीत गेणू इस्त्री करत होता. मी ड्रायरचं दार उघडून आत हात घातला. आतला पत्रा गार होता आणि दाराच्या रबराला बुरशी आली होती. दोन्ही ड्रायरच्या बटणांवर चिकटपट्टी होती.

मी विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"जूनपासून. काकांनी सांगितलंय, हात लावायचा नाही. पट्टीसुद्धा त्यांनीच मारली."

"बिघडलाय का?"

"छे! मस्त चालू आहे."

"मग चादरी?"

"टेम्पोने परंदवडी गावात मुक्ताबाईंकडे जातात. ताई, मी सांगितलं असं नका हां सांगू."

मी त्याला म्हटलं, मी सांगणार आहे, पण तुला कुणी काही बोलणार नाही. काका, हे माझं त्याला दिलेलं वचन आहे. ते तुम्ही पाळायचं आहे.

दुसऱ्या दिवशी परंदवडीला गेले. मुक्ताबाईंचं घर विचारावं लागलं नाही. अंगणात, कुंपणावर, गच्चीवर आपल्या हॉटेलच्या चादरी होत्या. मुक्ताबाई त्या उलटत होत्या, त्यांची सून अनिता घड्या घालत होती.

"ये की. हाटेलाची हाईस व्हय?" मुक्ताबाई म्हणाल्या. "डाग ऱ्हायलाय का कुटं?"

"नाही. तुम्ही पावसाळ्यात कशा वाळवत होता, ते बघायला आले."

"अने, ऐकलंस का? हिला पावसाळ्यातलं ऊन बगायचंय!"

दोघी खूप हसल्या. मग मला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. आत दोऱ्या बांधलेल्या, चार पंखे आणि कॉईलच्या दोन मोठ्या शेगड्या.

"लोनावळ्यापरीस हितं पाऊस कमी, म्हनून तुमच्या काकांनी आमाला काम दिलं. पर कमी म्हंजी काय, पाऊस त्यो पाऊसच. चादर वाळाय नगं? मग ह्ये समदं लावायचं. आमचा बचत गट हाय ना. गट आमचा आन् बचत हाटेलाची."

"आत्याबाई, गप की," अनिता म्हणाली.

"का गप? खोटं हाय का?"

मुक्ताबाईंचे मालक भिमाजी बाजेवर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "मॅडमला मीटर दावा आपला. श्रावनात असा पळत हुता, शर्यतीची बैलं बी तशी पळत न्हाईत."

मी विचारलं, वाढलेलं बिल कोण भरतं. भिमाजी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही विचित्र विचारलं होतं. "ज्याचा मीटर त्यो भरनार की."

निघताना मुक्ताबाई फाटकापर्यंत आल्या. तेव्हा हसत नव्हत्या. "तू मोजाय आलीस, ते मोज. पर काम बंद पाडू नगंस. आमच्या नातीची, अपेक्षाची, शाळंची बस ह्याच्यावर चालती."

काका, याला बचत म्हणत नाहीत. ही वीज वाचलेली नाही. तुमच्या मीटरवरून उठून ती भिमाजींच्या मीटरवर जाऊन बसली आहे. असा अहवाल शौनकच्या नावाने मी देणार नाही. आणि पाऊस वेगळा पडला असं तुम्ही मला का लिहिलंत, तेही कळवा.

इंदिरा


लोणावळा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. इंदिरा हिस,
आशीर्वाद.

हो. ड्रायर मीच बंद केले. पट्टी मीच मारली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन.

मे महिन्याच्या शेवटी मी बिलं घेऊन बसलो होतो. कितीही ताणलं तरी सतरा-अठराच्या वर जाईना. शौनक असता तर त्याने आणखी काही केलं असतं. कुठल्या तरी पाइपला कान लावला असता, कुठला तरी पंप उघडला असता, आणि पंचवीस गाठले असते. तो नव्हता. म्हणून मी गाठले. मला त्याच्यासारखं यंत्रातलं कळत नाही. एवढंच कळलं की पावसाळ्यात सगळ्यांत जास्त खातो तो ड्रायर.

गेलेल्या माणसाचं राहिलेलं घरच्यांनी पुरं करायचं असतं. तुझे सासरे तळेगावचं घर अर्ध्यावर टाकून गेले. वरचा मजला मी बांधला. तू आज तिथे झोपतेस. कोणती वीट कुणाची असं तू कधी विचारलं नाहीस.

मुक्ताबाईला काम मिळालं, हेही लिही की तुझ्या अहवालात. बिलाचं मला माहीत नव्हतं, खरंच. ते मी बघतो. गेणूला काही बोललो नाही. बोलणारही नाही.

पण तू कोण आहेस ते जरा आठव. तू त्याची बायको आहेस. सगळं गाव त्याचा आकडा मोठा आहे म्हणतंय आणि तो कमी करायला निघालेली तू एकटी आहेस. दत्तोबाने हसायचं थांबवलं होतं. आता त्याला पुन्हा हसायला तू सांगणार?

सही कर. करायची नसेल तर पुण्यात मोजणारे ढिगाने मिळतात. मी दुसरा आणीन.

केशवकाका


तळेगाव दाभाडे,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. केशवकाका,
सा. नमस्कार.

दुसरा मोजणारा जरूर आणा. माझे सगळे आकडे मी त्याला देईन. परंदवडीचा पत्ताही देईन.

उत्तराला उशीर झाला कारण मी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. ड्रायर आधीच्या वर्षातूनही काढला आणि यंदाच्या वर्षातूनही काढला, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं झालं. मग जे उरलं ते शौनकच्या कामाचं. सतरा टक्के आले. तीन वेळा केलं, सतराच आले.

वरच्या मजल्याचं तुम्ही लिहिलंत. तो तुम्ही बांधलात हे मी विसरलेली नाही. पण वीट कुणाचीही असो, पाऊस अडवला म्हणजे झालं. आकड्याचं तसं नाही. उद्या दुसऱ्या कुणा हॉटेलवाल्याने हा पुरस्कार बघून तेच काम करायला घेतलं आणि त्याला सतरा मिळाले, तर तो म्हणेल, शौनकला अठ्ठावीस जमले, मला कुणीतरी फसवलं. नाहीतर तोही आपल्या चादरी कुणाच्या तरी घरी पाठवेल.

आमच्या घरात एक नियम होता. तुम्ही त्याची थट्टा करायचात, नवराबायको एकमेकांपासून आकडे लपवतात म्हणून. ज्याने बचत केली त्याने ती मोजायची नाही आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत विचारायचं नाही. हा नियम शौनकनेच केला होता. म्हणायचा, मला कळलं तर मी नकळत तिकडेच ढकलत राहीन. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे आकडे माझ्याकडे होते. चांगले होते. रोज रात्री तो माझ्यासमोर बसून जेवायचा. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपल्या कामाने खरंच वीज वाचतेय एवढंसुद्धा त्याला कळलं नाही. हे मी सहन करते आहे. त्यावर तुमचे अकरा टक्के मी सहन करणार नाही.

तो बैठकीत पंचवीस म्हणाला. चुकला. त्याचे अंदाज नेहमी जास्तच असायचे. आमच्या लग्नात तुमच्या समोर म्हणाला होता, दोन वर्षांत गाडी घेतो. नऊ वर्षं लागली. माझं त्या माणसाशी लग्न झालं होतं. त्याला अचूक करून भिंतीवर लावू नका.

दत्तोबाशेठ हसतील तर हसू द्या. सतरा टक्क्यांतलं एकही युनिट दुसऱ्याच्या घरी जाऊन जळलेलं नाही, हे त्यांना सांगा. तरी हसले तर मला बोलवा.

परंदवडीचं काम बंद करायचं नाही. त्या पत्र्याच्या खोलीला पावसाळ्याआधी वेगळा मीटर घ्या, त्याचं बिल हॉटेलने भरायचं. यंदा त्यांच्या घरच्या बिलात जी वाढ झाली ती भरून द्या. पुढच्या वर्षी मी तो मीटर हॉटेलच्या मीटरसोबतच मोजेन. कदाचित पत्र्याच्या खोलीत शेगडीपेक्षा बरं काही करता येईल. ते मी बघते आहे. शौनकइतकं मला जमणार नाही, पण शिकेन.

अहवाल सोबत आहे. सही केली आहे. एक प्रत संघटनेला थेट पाठवली. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात.

इंदिरा


लोणावळा,
१५ डिसेंबर २०२५

चि. इंदिरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल आला त्या दिवशी मी तो कपाटात टाकला आणि तुला परत पत्र लिहायचं नाही असं ठरवलं. दुसरा मोजणाराही बोलावला होता. चांगला माणूस होता. त्याने पहिलाच प्रश्न ड्रायरचा विचारला. त्याला चहा पाजून परत पाठवला.

संघटनेने पुरस्कारावरून शौनकचं नाव काढलं. अध्यक्ष घरी येऊन सांगून गेले. वाईट वाटतं म्हणाले, पण शब्द पंचवीसचा होता. त्या रात्री अहवाल कपाटातून काढून वाचला. तुझी काकू गेल्यापासून मी एवढे कागद एका बैठकीत वाचले नव्हते.

मुक्ताबाईच्या खोलीला वेगळ्या मीटरचा अर्ज दिला आहे. वाढीव बिल द्यायला मी स्वतः गेलो. भिमाजीने पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "आता बैल तुमच्या दावनीला बांदला म्हना की." मुक्ताबाईने विचारलं, ती मोजाय आलेली पोरगी कोण हुती. मी म्हटलं, माझी सून, जरा गप्प गप्प असते. म्हणाली, "गप्प न्हाई हो ती."

काल समारंभ झाला. जाणार नव्हतो, पण गेलो. पुरस्कार खंडाळ्याकडच्या एका नव्या हॉटेलाला मिळाला. एका वर्षात चाळीस टक्के बचत. टाळ्या सुरू झाल्या. माझेही हात उचलले गेले होते. मग ते खाली घेतले आणि उभा राहिलो.

मी विचारलं, "चाळीस कुणी मोजले?"

स्टेजवरची मुलगी म्हणाली, "काका, प्रश्न नंतर घेऊ या."

"नंतर तुम्ही जेवायला जाल. कुणी मोजले?"

तो हॉटेलवाला तरुण आहे, सभ्य आहे. माइक घेऊन म्हणाला, आमची आम्हीच मोजली, बिलांवरून.

"खोल्या किती भरल्या ते धरलंत?"

तो अध्यक्षांकडे बघायला लागला.

"बरं, ते राहू द्या. पावसाळ्यात तुमच्या चादरी कुठे वाळतात?"

सगळं सभागृह हसलं. त्यांना वाटलं म्हातारा चळला. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "लॉंड्री आम्ही बाहेर देतो, काका."

"बाहेर म्हणजे कुणाच्या मीटरवर?"

दत्तोबा माझा कोट ओढत होता. "केशवराव, बसा आता, जेवण गार होतंय." मी त्याला म्हटलं, "तू एकदा हसला होतास ना रे माझ्या पोराला? ऐक मग. त्याने सतरा केले. सतरा! आणि ते मोजलेले आहेत." मग त्या सतराचा अर्थ मी सगळ्यांना सांगायला लागलो. आधीचं वर्ष, खोल्या, दोन्हीकडून ड्रायर वजा, सगळं, तू लिहिलंस तसं. अर्ध्यात त्यांनी माइकच बंद केला. तो माझ्या हातात नव्हताच. माझा आवाज तुला माहीत आहे. शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

केशवकाका